सात नंबरची पट्टी

कागदोपत्री नावाने हाक मारली तर पट्टीताई वळून बघतीलच, याची खात्री कुणी दिली नसती. प्रयोगशाळेत तंत्रज्ञ म्हणून त्यांना बावीस वर्षं झाली होती, आणि त्यांतली निदान पंधरा त्यांनी पट्ट्या पाडण्यात नि पट्ट्या वाचण्यात काढली होती. काम सांगायला सोपं होतं. आतड्याच्या अस्तराचा तिळाएवढा तुकडा समोरच्या दवाखान्यातून गोठवून यायचा. पट्टीताई तो कुटायच्या, त्यातली प्रथिनं वेगळी काढायच्या आणि जेलीच्या पातळ पाटीत सोडून विजेच्या जोरावर त्यांची शर्यत लावायच्या. हलकी प्रथिनं पुढे पळायची, जड मागे रेंगाळायची. मग तो सगळा तांडा एका पांढऱ्या पडद्यावर उतरवायचा, हवं तेच प्रथिन हुडकणारं द्रावण त्यावर ओतायचं आणि काळोख्या पेटीत फोटो काढायचा. फोटोत आडव्या काळ्या पट्ट्या दिसत. पट्टी गडद तर प्रथिन भरपूर, फिकट तर बेताचं. एवढंच.

करायला मात्र हेच काम भल्याभल्यांना रडवायचं. कुणाच्या पाटीत बुडबुडे, कुणाचा पडदा डागाळलेला, कुणाच्या पट्ट्या हसल्यासारख्या दोन्ही टोकांना वर वळलेल्या. पट्टीताईंच्या पट्ट्या फूटपट्टीने आखाव्यात तशा यायच्या. दुसऱ्याचा पडदा नुसता बघून हा माणूस आज घरी भांडून आला आहे, असं त्या सांगायच्या, आणि सहसा ते खरं निघायचं. त्यामुळे लोक त्यांच्यापासून पडदे लपवत.

त्यांच्या वरिष्ठ म्हणजे मॅडम. चालायच्या भरभर, बोलायच्या त्याहून भरभर, आणि एक चष्मा डोळ्यांवर असताना दुसरा डोक्यावर विसरलेला असायचा. सध्या त्या ज्या प्रथिनाच्या मागे लागल्या होत्या ते मोठं कारभारी प्रथिन होतं. स्वतः काही बांधत नाही, काही पचवत नाही. पेशीच्या केंद्रकात शिरून कुठलं जनुक चालू करायचं आणि कुठलं गप्प बसवायचं, एवढंच बघतं. त्याला कामाला लावायला चिमूटभर रसायन पुरतं. फॉस्फेटचं एक ठिगळ अंगावर ठरावीक जागी बसलं की साहेब जागे होतात आणि सूज आणणाऱ्या जनुकांना आवाज देतात. नको तो जंतू आतड्यात शिरला तर हे व्हायलाच हवं. जंतू गेला की ठिगळ उतरतं, साहेब पुन्हा आडवे. निरोगी माणसाच्या पोटात ही ये-जा दिवसभर चाललेली असते, त्याला पत्ताही नसतो. पण आतड्याला जुनाट सूज असलेल्या माणसांत ठिगळ निघता निघत नाही, असा मॅडमचा अंदाज होता. शत्रू केव्हाच गेला, तरी नगारा बडवणं चालूच, आणि आतडं आपल्याच घराची मोडतोड करत बसलेलं.

या कामात पट्टीताईंचा जीव गुंतण्याचं कारण घरचं होतं. त्यांची धाकटी बहीण केस कापायची. स्वतःचं दुकान, दोन खुर्च्या, एक मोठा आरसा आणि बोलायला लागली की कात्रीपेक्षा जीभ जास्त चालणारी. नऊ वर्षांपूर्वी तिला हाच आजार लागला. पहिले आठ महिने ती मूळव्याध म्हणून अंगावर काढत राहिली. त्या काळात अर्धं डोकं कापलेलं गिऱ्हाईक खुर्चीत सोडून ती नाहीशी व्हायची आणि वीस मिनिटांनी येऊन, ही नवी पद्धत आहे, केसांना जरा विश्रांती द्यावी लागते, असं तोंडावरची रेषही न हलवता सांगायची. गावातलं एकूण एक शौचालय तिला पाठ होतं. कुठल्याची कडी नीट लागते, कुठल्यात पाणी असतं, कुठला पहारेकरी किल्ली द्यायला कुरकुर करतो. आता औषधांवर चार वर्षं ती ठीक होती. पण नव्या जागी गेलं की आधी शौचालय कुठे आहे ते बघायची सवय काही सुटली नव्हती.

तिच्यावर उपचार करणारे डॉक्टर प्रयोगशाळेच्या समोरच्याच इमारतीत बसायचे. उंच, प्रसन्न माणूस. नळीला लावलेला कॅमेरा आतड्यात घालून बघण्यात त्यांचा हातखंडा होता, म्हणून सगळे त्यांना कॅमेरेवाले डॉक्टर म्हणायचे. घाबरलेल्या पेशंटला ते हसत हसत सांगायचे, की काही नाही हो, पाच मिनिटांचं काम. मॅडमच्या अभ्यासासाठी तुकडे तेच काढून देत. बारा रुग्णांचे आणि बारा निरोगी माणसांचे. निरोगी म्हणजे नुसती तपासणी करून घ्यायला आलेले, आत सगळं गुळगुळीत गुलाबी दिसलेले, आणि विज्ञानासाठी तिळाएवढं देऊन टाकायला ना नसलेले. नावं प्रयोगशाळेत येत नसत, फक्त नंबर यायचे. कुठला नंबर कोण, हे दवाखान्यातल्या नर्सबाईंच्या कुलपातल्या वहीत असायचं.

सोमवारी दुपारी पट्टीताईंनी निरोगी बाराजणांचा पडदा पेटीत घातला. रुग्णांचा आदल्या आठवड्यातच झाला होता; बाराही पट्ट्या काळ्या कुळकुळीत. आता या बारा फिकट आल्या की अंदाज खरा ठरणार होता आणि शुक्रवारी लेख पाठवता येणार होता. फोटो संगणकावर उमटला. एक फिकट, दोन फिकट, तीन, चार, पाच, सहा फिकट. सात काळी. आठ ते बारा पुन्हा फिकट.

पट्टीताई बराच वेळ बघत राहिल्या. काळी म्हणजे थोडीथोडकी काळी नव्हे. रुग्णांच्या पडद्यावर नेऊन ठेवली असती तर कुणी तिला हटकलं नसतं.

मंगळवारी त्यांनी सगळं पहिल्यापासून पुन्हा केलं. नवी पाटी, नवं द्रावण, नवा पडदा. पाटीच्या प्रत्येक खाचेत प्रथिन सारखंच पडलंय ना, ते दोनदा पडताळलं. सात पुन्हा काळी.

बुधवारी मॅडमनी दोन्ही फोटो शेजारी शेजारी ठेवले, डोळ्यांवरचा चष्मा काढून डोक्यावरचा लावला, तो काढून पुन्हा पहिला लावला. मग त्यांनी जे सांगितलं ते काही पापी माणसाचं बोलणं नव्हतं. घाईतल्या माणसाचं होतं. बारातला एक असा वेडावाकडा निघतोच, जगभर निघतो. नळीवरचं लेबल चुकलं असेल, तुकडा वाटेत तापला असेल. तो काढून टाकला की उरलेले अकरा अगदी चोख बसत होते.

"एक वाक्य टाकू," त्या म्हणाल्या. "सात नंबरचा नमुना तांत्रिक कारणाने वगळला."

"तांत्रिक म्हणजे मी," पट्टीताई म्हणाल्या. "या खोलीत तंत्र दुसरं कुणी करत नाही."

मॅडमनी समजूत घालायचा प्रयत्न केला, तुमच्यावर कोण बोट ठेवतंय, ही आपली लिहायची एक रीत असते. पट्टीताईंना ती रीत माहीत होती. बावीस वर्षांत दुसऱ्यांच्या लेखांत ते वाक्य त्यांनी शंभरदा वाचलं होतं, आणि दरवेळी त्यांना त्या न दिसणाऱ्या तंत्रज्ञाची दया आली होती. त्यांनी आवाज चढवला नाही. फक्त एक मुद्दा मांडला, आणि तो मॅडमना माहीत नव्हता असंही नाही, घाईत निसटला होता इतकंच. फॉस्फेटचं ठिगळ भारी नाजूक. तुकडा काढल्या काढल्या गोठवला नाही, वाटेत तापू दिला, तर पेशीतलीच कात्री चालू होते आणि ठिगळं गळून पडतात. हयगय झाली असती तर सात नंबरची पट्टी फिकट व्हायला हवी होती. हयगयीने काळी कशी होईल?

मॅडम गप्प झाल्या. ही गोष्ट वर्षातून दोनदा घडायची.

"लेबलाचं काय?" त्यांनी थोड्या वेळाने विचारलं.

लेबलाची शंका रास्त होती. त्यावर पट्टीताईंकडे उपाय होता. डॉक्टर प्रत्येकाचे दोन तुकडे काढायचे, दोन वेगळ्या नळ्यांत, दोन वेगळ्या डब्यांत. दुसरा डबा उणे ऐंशी अंशांच्या फ्रीझरच्या तळाशी अजून न उघडलेला होता. दोन्ही डब्यांत एकाच नंबरावर एकच चूक होणं म्हणजे एकाच माणसाची छत्री एका दिवसात दोनदा हरवण्यासारखं. पट्टीताईंनी जाड मोजे चढवले, फ्रीझर उघडून साचलेला बर्फ खरवडला आणि सात नंबरची दुसरी नळी बाहेर काढली.

गुरुवारी दुपारी तिचा निकाल आला. काळी.

आता प्रश्नाचं तोंडच फिरलं. हात चुकला नव्हता, नळी चुकली नव्हती. मग निरोगी म्हणून आलेला हा माणूस खरंच निरोगी होता का? मॅडमनी शुक्रवारची मुदत दोन आठवडे पुढे ढकलून घेतली. त्यासाठी त्यांना संपादकाला तीन ईमेल लिहावे लागले, आणि तिन्ही लिहिताना त्या पुटपुटत होत्या. मग एक पत्र त्यांनी दवाखान्याला लिहिलं, चार ओळींचं. सात नंबरच्या दात्याचा निकाल इतर निरोगी दात्यांसारखा नाही. हे निदान नव्हे, ही चाचणी निदानाची नव्हेच. पण दात्याच्या तब्येतीची एकदा चौकशी व्हावी. पत्र छापून, पाकिटात घालून पट्टीताईंच्या हाती दिलं.

रस्ता ओलांडून त्या दवाखान्यात गेल्या. नर्सबाईंनी पत्र वाचलं, कंबरेची किल्ली काढली, कपाटातली वही काढली, बोट फिरवत सातवर आल्या. आणि बोट तिथेच थांबलं. त्यांनी वही मिटली, पुन्हा उघडली, पुन्हा तेच वाचलं. मग वही कुलपात टाकून, पत्र मी योग्य त्या माणसाला पोचवते, असं सांगितलं. बोलताना त्या पट्टीताईंच्या खांद्यावरून मागच्या भिंतीकडे बघत होत्या. पट्टीताईंनी काही विचारलं नाही. नाव कळून घेणं हे त्यांचं काम नव्हतं. पण परत येताना त्यांच्या मनात आलं, की ज्या माणसाला नर्सबाई ओळखत नाहीत त्याचं नाव वाचून त्यांचं बोट असं अडायचं काही कारण नाही.

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमाराला कॅमेरेवाले डॉक्टर स्वतःच प्रयोगशाळेत हजर झाले. मॅडम वर्गावर होत्या. पट्टीताईंनी बसायला खुर्ची पुढे केली, पण ते दाराजवळच्या स्टुलावर बसले. कॉफी विचारली तर नको म्हणाले. हा माणूस एरवी आपली संपवून दुसऱ्याच्या कपाकडे बघणारा. त्यांनी फोटो मागितले, तिन्ही नीट पाहिले, आणि मग सात नंबरच्या गृहस्थांविषयी बोलू लागले. गृहस्थ त्यांच्या चांगल्या ओळखीचे. प्रकृती ठणठणीत. सात महिन्यांपूर्वी एका सहकाऱ्याने त्यांची तपासणी केली होती, आतडं आरशासारखं स्वच्छ. अलीकडे गृहस्थांना कामाचा ताण आहे, जेवण वेळेवर नाही, त्यामुळे पोट थोडं बिघडतं, तेवढं कुणाचं बिघडत नाही? थोडं रक्त दिसतं म्हणे कधीमधी, पण ते बैठ्या कामाने. एवढं सांगून ते उठले, शौचालय कुठे आहे ते विचारलं, गेले, दहा मिनिटांनी आले, पुन्हा बसले, आणि पुन्हा गृहस्थांविषयी बोलू लागले. गेली तीन वर्षं ते या इमारतीत येत होते. शौचालयाची वाट त्यांना आजवर कधी विचारावी लागली नव्हती, आणि पंधरा मिनिटांनी ते पुन्हा दाराकडे बघू लागले.

ताकाला जाऊन भांडं लपवणं म्हणतात ते हेच. पट्टीताईंना नऊ वर्षांपूर्वीची धाकटी आठवली. दाराजवळची खुर्ची. न घेतलेली कॉफी. सगळं सगळं तेच. फक्त तेव्हा त्यांना वाचता आलं नव्हतं.

काय करावं ते त्यांना पटकन सुचेना. एवढा मोठा डॉक्टर, आठ हजार आतडी बघितलेला. त्याला पट्ट्या पाडणाऱ्या बाईने काय शिकवायचं? पण मग वाटलं, आठ हजार बघितली ती दुसऱ्यांची. दिव्याखालीच अंधार असतो, आणि तो दिव्याला दिसत नाही, त्याला बिचाऱ्याचा इलाज नाही. डॉक्टर जायला उठले तेव्हा त्या मागोमाग जिन्यापर्यंत गेल्या.

"डॉक्टर, त्या गृहस्थांना माझा एक निरोप द्याल?"

"सांगा ना."

"माझी बहीण आठ महिने मूळव्याध म्हणत बसली होती. तिला वेळेत पकडलं असतं तर ती दोनदा इस्पितळात पडली नसती. हे तुम्हीच मला सांगितलं होतं, इथेच खाली, फाटकापाशी."

डॉक्टर कठड्यावर हात ठेवून उभे राहिले. मग म्हणाले, "सात महिन्यांपूर्वी काहीच दिसलं नव्हतं, ताई."

"डोळ्यांना दिसलं नव्हतं."

"तुमची पट्टी म्हणजे काही रिपोर्ट नव्हे."

"नव्हेच. त्यावरून आजार आहे असं मी म्हणणारही नाही. मला दोनच गोष्टी ठाऊक आहेत. सात नंबर बाकीच्या अकरांसारखा नाही, आणि माझा हात चुकलेला नाही."

डॉक्टर हसले, पण नेहमीचं प्रसन्न हसणं नव्हतं ते. खालच्या आवाजात त्यांनी सांगून टाकलं. बारावा माणूस मिळत नव्हता, मॅडम घाई करत होत्या, म्हणून एका संध्याकाळी सहकाऱ्याच्या हातात नळी दिली आणि स्वतःच टेबलावर आडवे झाले. निरोगी माणूस शोधायला लांब कशाला जायचं, असं तेव्हा वाटलं होतं. रक्त गेल्या दोन महिन्यांपासून होतं. रोज सकाळी ते स्वतःलाच एक कारण सांगायचे आणि ते कारण त्यांना पटायचं. पेशंटने सांगितलं असतं तर पटलं नसतं. घरी बायकोलाही बोलले नव्हते.

"तुम्ही कुणाला..."

"मी पट्ट्या वाचते, डॉक्टर. नावं वाचत नाही."

त्या दिवसानंतर पट्टीताईंनी ही गोष्ट पोटातच ठेवली. अगदी धाकटीलाही सांगितली नाही, आणि धाकटीला काही न सांगणं म्हणजे गळक्या बादलीत पाणी साठवण्याइतकं अवघड. रोज फोनवर ती विचारायची, काय गं, आवाज असा का? पट्टीताई सर्दीवर ढकलायच्या.

पुढचं धाकटीला कळलं ते खुद्द डॉक्टरांकडून. दुसऱ्या शनिवारी पट्टीताई दुकानात आरशासमोर बसल्या होत्या, मानेपर्यंत केस कमी करून घ्यायला. दार उघडून डॉक्टर आत आले. केस कापायचे आहेत म्हणाले, पण चार दिवसांपूर्वीच कुठेतरी कापून घेतलेले दिसत होते. धाकटीने त्यांना दुसऱ्या खुर्चीत बसवलं, गळ्याभोवती कापड गुंडाळलं, आणि बारीक नजरेने विचारलं, की कापू काय, उरलंय कुठे?

डॉक्टर आरशातल्या आरशात तिच्याकडे बघत म्हणाले, "मंगळवारी माझी तपासणी आहे. सोमवारी ते औषध प्यायचंय. आतडं धुऊन काढायचं."

धाकटीची कात्री थांबली. हा माणूस तिला नऊ वर्षं ते औषध लिहून देत होता. दरवेळी, थोडं खारट लागतं एवढंच, असं म्हणायचा.

ती काय बोलेल याची पट्टीताईंना धास्ती वाटली. टोमणा तर तिच्या ओठांवर येऊन बसलेला दिसत होता, आणि त्यावर तिचा हक्कही होता. पण धाकटीने तो गिळला. खुर्ची ओढून समोर बसली आणि कामाला लागली. औषध आदल्या दिवशीच फ्रिजमध्ये ठेवा, गार असलं की निम्मी चव मरते. पेल्याने पिऊ नका, नळीने प्या आणि नळी जिभेच्या पार मागे धरा. प्रत्येक पेल्यानंतर लिंबाची फोड चोखा. पाऊण तास काही होणार नाही, तुम्हाला वाटेल आपल्यावर लागूच पडत नाही. तेव्हा शहाणपणा करून फिरायला बाहेर पडू नका. मऊ कागद आणा, भारीतला. मलम आधीच लावून ठेवा. आणि चार्जर आतच ठेवा, नंतर आणायला वेळ मिळत नाही.

डॉक्टरांनी खिशातून कागद काढला आणि चक्क लिहून घेऊ लागले.

"हे तुम्ही मला कधी सांगितलं नाहीत," ते म्हणाले.

"तुम्ही विचारलं कधी? तुम्ही विचारायचे, औषध पूर्ण प्यायलात का? मी म्हणायचे, हो." धाकटी उठली आणि उगाच कानामागचे दोन केस छाटले. "आणि डॉक्टर, ते पाच मिनिटांचं काम नसतं हो. मी भिंतीवरच्या घड्याळात बघितलंय. बावीस मिनिटं लागतात."

डॉक्टर निघताना दारात घुटमळले. बायकोला आजच सांगतो, असं कुणी न विचारता म्हणाले. ते गेल्यावर धाकटीने झाडू घेऊन जमिनीवरचे ते दोन केस गोळा केले आणि तोंड फिरवून पट्टीताईंना म्हणाली, की तुला ठाऊक होतं तर. पट्टीताईंनी आपलं अर्धं कापलेलं डोकं पुढे केलं आणि मला अजून विश्रांती किती वेळ, असं विचारलं. मग दोघी बहिणी इतक्या हसल्या, की बाहेरून जाणाऱ्याने काचेतून डोकावून पाहिलं.

तपासणीत आजार निघाला. अगदी सुरुवातीचा, शेवटच्या वीतभर भागातला. तीन महिन्यांत औषधांनी रक्त थांबलं, वजन पूर्ववत झालं, आणि डॉक्टर पुन्हा दुसऱ्यांच्या कपाकडे बघू लागले. पेशंटना ते आता पाच मिनिटं सांगत नाहीत. अर्धा तास धरून चला म्हणतात, आणि टेबलाच्या खणातून एक छापील कागद काढून देतात. त्यावर गार औषध, नळी, लिंबू, मऊ कागद, सगळं क्रमाने आहे. चार्जरसुद्धा.

लेखाचं वेगळंच रामायण झालं. मॅडमनी सात नंबर वगळला नाही. डॉक्टरांनी आपण होऊन त्यांना सांगितलं होतं; त्यांची लेखी परवानगी घेऊन, नाव न देता, त्यांनी सरळ लिहिलं, की निरोगी गटातल्या एका दात्यात ठिगळाचं प्रमाण रुग्णांइतकं आढळलं. नमुना घेतेवेळी त्याचं आतडं डोळ्यांना निरोगी होतं. सुमारे आठ महिन्यांनी त्याच्यात आजाराचं निदान झालं. एका माणसावरून काहीही सिद्ध होत नाही, असंही पुढच्याच ओळीत लिहिलं, आणि ती ओळ टाकताना त्यांच्या जिवावर आलं. दोन परीक्षकांपैकी एकाला लेख आवडला नाही. दुसऱ्याने बाकी सगळ्यावर दोन ओळी आणि सात नंबरवर दीड पान प्रश्न लिहून पाठवले. ठिगळ आधी बसतं आणि सूज मागून येते, की सूज डोळ्यांना दिसण्याआधीच सुरू झालेली असते आणि ठिगळ नुसतं तिच्या मागोमाग येतं? कुणालाच माहीत नव्हतं. मॅडमनी ते दीड पान तीनदा वाचलं, दोन्ही चष्म्यांनी, आणि खूश होऊन जाहीर केलं, की आता पुढची पाच वर्षं कामाला कमतरता नाही.

नवा अभ्यास ठरला तो असा. ज्यांच्या घरात हा आजार आहे, पण ज्यांना स्वतःला काही नाही, अशा माणसांचे तुकडे घ्यायचे. भाऊ, बहिणी, मुलं. दरवर्षी पुन्हा बोलवायचं, आणि ठिगळ कुणाचं बसून राहतंय ते पाहायचं. चाळीस माणसं हवी होती. एकोणचाळीस जमली.

मॅडमनी विचारलं नाही. मुद्दामच विचारलं नाही. आपल्या हाताखालच्या माणसाने भिडेखातर हो म्हणावं हे त्यांना नको होतं. पण यादीतली चाळिसावी रिकामी ओळ आठवडाभर फळ्यावर तशीच होती आणि पट्टीताई तिच्यासमोरून रोज दहा वेळा जात होत्या. त्यांनी धाकटीला फोन केला. धाकटी म्हणाली, की तुला नको असेल तर नको जाऊस, मला काही वाटणार नाही. आणि थोडं थांबून म्हणाली, "पण गेलीस तर रविवारी रात्री मी तुझ्याकडे झोपायला येते. औषध मी पाजते. तू एकटी पिणार नाहीस, ओतून देशील."

सोमवारी डॉक्टरांनी नळी हातात घेतली. आणि घड्याळाचं तोंड पट्टीताईंच्या बाजूला वळवून ठेवलं. वीस मिनिटं लागली.

दोन महिन्यांनी चाळीस नळ्या गोठून आल्या. नंबर सगळे उलटेपालटे केलेले, वही कुलपात. पट्टीताईंनी मोजे चढवले, पहिल्या दहा बाहेर काढल्या आणि बर्फात ओळीने उभ्या केल्या. यांच्यात आपली आहे की पुढच्या दहात, हे कळायला मार्ग नव्हता, आणि तो शोधायचाही नाही असं त्यांनी ठरवून टाकलं होतं. तरी पहिल्या खाचेत थेंब सोडायच्या आधी, बावीस वर्षांत पहिल्यांदाच, त्या थांबल्या. त्यांनी पिचकारी खाली ठेवली. खिडकीपाशी जाऊन रस्त्यावरची दोन माणसं, एक सायकल आणि पत्र टाकणारा टपालवाला बघून घेतला. मग परत येऊन बसल्या, आणि दहाच्या दहा खाचा भरल्या, एकीसारखी दुसरी, बुडबुडा न येऊ देता.